वऱ्हाडांतील पाणपक्ष्यांचे आश्रय

परतवाडा म्हटलें कीं बहुतेकांच्या डोळ्यांसमोर मेळघाट उभा राहतो. सागवानाचा बाजार, चिखलदऱ्याकडे चढत जाणारा घाट आणि त्यापलीकडचें वाघाचें रान, अशी ह्या गांवाची ओळख सर्वत्र रूढ आहे, व ती खरीहि आहे. परंतु आज मी श्रोत्यांना ज्या वाटेनें नेऊं इच्छितों ती वाट डोंगर चढणारी नाहीं. डोंगरांतून उतरणाऱ्या पाण्याबरोबर ती खालीं जाते. मार्गशीर्ष-पौषाच्या थंडींत ह्या पाण्याच्या कांठीं जे पक्षी दिसतात त्यांतले कित्येक हिमालयापलीकडून आलेले असतात. ते येथें कां येतात, त्यांना येथें काय मिळतें, आणि जें मिळतें तें पुढेंहि मिळत राहावें म्हणून काय करावयास हवें, ह्या तीन प्रश्नांपुरताच आजचा विषय आहे.

प्रथम थोडा भूगोल पाहूं. सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याशीं परतवाडा आणि त्याला लागूनच अचलपूर, म्हणजे जुनें एलिचपूर, हीं दोन गांवें वसलीं आहेत. सापन, बिच्छन, चंद्रभागा, शहानूर ह्या नद्या डोंगरांतून उतरून दक्षिणेकडे पूर्णेच्या खोऱ्यांत जातात. खोऱ्याच्या दुसऱ्या बाजूनें, अजिंठ्याच्या डोंगररांगेकडून, काटेपूर्णा नदी उत्तरेस वाहत येऊन त्याच पूर्णेला मिळते. मध्यें काळ्या मातीचें सपाट मैदान आहे, आणि त्यांतला पुष्कळ भाग खारपाणपट्ट्यांत मोडतो. तेथें विहीर खणावी तर पाणी खारट लागतें. अशा मुलखांत मोठीं नैसर्गिक तळीं असावयाचीं कोठून? बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें नांव घ्यावें, तर तें सरोवर आकाशांतून पडलेल्या अशनीच्या आघातानें झालेल्या विवरांत सांठलेलें. म्हणजे वऱ्हाडांत आज ज्या पाण्यावर आपण बदकांचे थवे पाहतों तें बहुतेक सारें माणसानें अडविलेलें पाणी आहे. परतवाड्याजवळ वझ्झर येथें सापन धरण आहे. अंजनगांव-सुर्जीच्या वरच्या अंगास शहानूर धरण आहे. मोर्शीजवळ सिंभोरा येथें ऊर्ध्व वर्धा धरण आहे, ज्याच्या जलाशयास विदर्भकन्या दमयंतीची आठवण ठेवून नल-दमयंती सागर असें नांव दिलें आहे. आणि पूर्णेच्या पलीकडे, अकोला जिल्ह्यांत, महान येथें काटेपूर्णेचें धरण आहे. हीं धरणें शेतीसाठीं आणि शहरांच्या नळांसाठीं बांधलीं गेलीं. पक्ष्यांचा विचार बांधणाऱ्यांच्या मनांत नव्हता. पक्ष्यांनीं मात्र तीं आपलींशीं करून टाकलीं.

थंडी चुकविण्यासाठीं हे पक्षी दक्षिणेस येतात, असें आपण सहज बोलून जातों. परंतु दाट पिसांचा आणि चरबीचा दुहेरी कोट ज्याच्या अंगावर आहे त्याला नुसत्या थंडीची भीति फारशी नसते. त्याची खरी अडचण अन्नाची असते. सैबेरियांतील दलदली, मंगोलियांतील व तिबेटांतील तळीं एकदां गोठलीं कीं पाण्याखालची वनस्पति, किडे, शंख-शिंपले, सारें बर्फाच्या कडीकुलपांत जातें. शिवाय दिवस आखूड होतो आणि चरावयास वेळहि थोडा उरतो. तीच जागा उन्हाळ्यांत लांबलचक दिवसांची व अन्नाच्या सुकाळाची असते. म्हणून घरटें तिकडे आणि हिवाळा इकडे, अशी ह्या पक्ष्यांनीं आपल्या वर्षाची वांटणी केली आहे. आर्क्टिक महासागरापासून हिंदी महासागरापर्यंत, सुमारें ३० देशांवरून जाणाऱ्या त्यांच्या ह्या वाटेला शास्त्रज्ञ मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनें १९५९ पासून, डॉ. सालिम अली यांच्या मार्गदर्शनाखालीं, हजारों पक्ष्यांच्या पायांत हलकीं धातूचीं कडीं घालून सोडलें. त्यांतलीं कांहीं कडीं सैबेरियांत आणि मध्य आशियांत सांपडलीं, तेव्हां जें तर्कानें सांगितलें जात होतें त्याला हातांत धरतां येईल असा पुरावा मिळाला.

ह्या प्रवाशांपैकीं एकाचीच गोष्ट थोडी विस्तारानें सांगतों. पट्टकादंब हा हंसाच्या कुळांतला, राखी रंगाचा पक्षी. त्याच्या पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूस दोन काळे आडवे पट्टे असतात, त्यांवरून त्याला हें नांव पडलें. तिबेट व मंगोलिया येथील उंच पठारांवरील तळ्यांकाठीं तो अंडीं घालतो आणि हिवाळ्यांत हिमालय ओलांडून हिंदुस्थानांत उतरतो. आपल्याकडील मोठ्या जलाशयांवर त्याचे थवे दिसतात. त्याच्या पाठीवर लहानशीं यंत्रें बांधून केलेल्या संशोधनांत एका पक्ष्याची उंची ७,२९० मीटरपर्यंत गेल्याची नोंद झाली. पण त्याहून लक्षांत घेण्याजोगी गोष्ट २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत आढळली. हा पक्षी एकदां उंच चढून त्याच उंचीवरून सरळ जात नाहीं. खालचा डोंगर चढला कीं तो चढतो, आणि दरी आली कीं तोहि खालीं उतरतो. विरळ हवेंत पंख मारणें फार महाग पडतें. तेव्हां उतरून पुन्हां चढण्याचा त्रास सोसूनहि, सारा हिशोब करतां, त्याची शक्ति वांचते. काटकसर हाच त्याच्या प्रवासाचा पाया आहे. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. कारण पुढें पाहावयास जाणाऱ्यांच्या वर्तनाचा प्रश्न येईल तेव्हां तिचा उपयोग होणार आहे.

आतां ह्या पक्ष्यांना आपल्या पाण्यावर मिळतें तें काय? पाणी जितकें खोल आणि विस्तीर्ण तितके पक्षी अधिक, अशी सर्वसाधारण कल्पना आहे. वस्तुस्थिति जवळजवळ उलट आहे. धरणाच्या भिंतीलगतच्या खोल पाण्यांत पाणकावळे बुड्या मारून मासे धरतील, फार तर लालसरीसारखीं बुडी मारणारीं बदकें थोड्या अंतरावर तरंगतील. खरी वर्दळ असते ती भिंतीपासून दूर, जेथें नदी जलाशयांत शिरते आणि पाणी पसरट होत होत चिखलांत विरून जातें, त्या टोंकाला. तलवार बदक लांब मान खालीं घालून, शेंपटी आकाशाकडे करून, हातभर पाण्याच्या तळचें खातें. मान पोंचेल तेथेंच त्याचें ताट वाढलेलें. थापट्या आपली फावड्यासारखी चोंच पृष्ठभागावरून फिरवीत पाणी गाळतो व चाळणींत राहिलेले सूक्ष्म जीव गिळतो. कांठावर शेकाट्या आपल्या लांब तांबड्या पायांवर गुडघाभर पाण्यांत चालतो. त्याच्या अलीकडे तुतवार नुसत्या ओल्या चिखलावर शेपूट हलवीत धांवतो. आणि आर्क्टिकच्या कांठावरून आलेला चिमणीएवढा टिलवा त्याहि अलीकडे, पाण्याची फक्त ओल असलेल्या पट्ट्यांत टिपत असतो. पाणलाव्याच्या लांब चोंचीचें टोंक इतकें जाणतें असतें कीं, चोंच चिखलांत रुतलेली असतां तेवढेंच टोंक उघडून तो किडा आंतल्या आंत पकडतो. ज्याचे पाय जेवढे आणि चोंच जेवढी, त्याप्रमाणें त्याची जागा ठरलेली. तात्पर्य, पाणपक्ष्यांचा खरा आश्रय म्हणजे पाणी आणि जमीन ह्यांच्या मधला तो उथळ, चिखलाचा, कांहीं बोटें वा हातभर खोलीचा पट्टा होय.

ह्या पट्ट्याचें आणि आपल्या शेतीच्या वेळापत्रकाचें एक विलक्षण नातें आहे. पावसाळा संपतां संपतां जलाशय कांठोकांठ भरतो; तेव्हां उथळ पट्टा जवळजवळ नसतोच. कार्तिकापासून रब्बीसाठीं कालव्यांतून पाण्याच्या पाळ्या सुटूं लागतात, पाणी हळूहळू ओसरतें, आणि रोज नवा ओला चिखल उघडा पडतो. नेमके त्याच महिन्यांत उत्तरेकडील पक्षी येऊन पोंचतात. दर आठवड्याला जणूं नवें पान वाढलें जातें, आणि फाल्गुन-चैत्रांत, परतीच्या प्रवासासाठीं अंगावर चरबी चढविण्याच्या दिवसांत, जलाशयाचा बराचसा भाग उथळ झालेला असतो. शेतकऱ्याच्या गव्हा-हरभऱ्यासाठीं सोडलेलें पाणी पक्ष्यांचें अन्न उघडें करून जातें. ही सोय कोणी मुद्दाम केलेली नाहीं, आणि म्हणूनच ती कोणाच्याहि लक्षांत न येतां बिघडूं शकते.

हें सारें प्रत्यक्ष पाहावयाचें असल्यास परतवाड्याच्या रहिवाशानें दोन फेऱ्या कराव्या, असें मी सुचवीन. पहिली अगदीं घराजवळची, सापन किंवा शहानूर जलाशयाची. येथें सातपुड्याची भिंत पाठीशीं असल्यामुळें एका बाजूस रानांतले आणि दुसऱ्या बाजूस पाण्यावरचे पक्षी एकाच सकाळीं दिसतात. दुसरी फेरी लांबची. अंजनगांव, अकोट, अकोला असा मार्ग धरून पुढें बार्शीटाकळीवरून महानला जावें. अकोल्यापासून तें तीस-पस्तीस किलोमीटर आहे. येथील काटेपूर्णा जलाशयाच्या पाणलोटांतलें, अकोला व वाशीम ह्या दोन जिल्ह्यांत पसरलेलें सुमारें ७३ चौरस किलोमीटर रान १९८८ सालीं अभयारण्य म्हणून जाहीर झालें. साग, धावडा, खैर, सालई अशा झाडांचें हें पानझडीचें रान आहे. चौसिंगा आणि भेकर हे लाजाळू प्राणी त्यांत राहतात. रानामुळें पावसाबरोबर वाहून येणारी माती अडते, आणि अकोल्याच्या नळाला येणारें पाणी ज्या जलाशयांतून जातें त्याचें आयुष्य वाढतें. अभयारण्य पाहावयास जाणाऱ्या नागर कुटुंबानें हा संबंध विसरूं नये. आपण जें पाहावयास जातों त्याच्याच आधारानें आपल्या घरचा रांजण भरतो.

जावें कधीं? डिसेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ उत्तम. अभयारण्यांत शिरण्यापूर्वीं वनखात्याची परवानगी घ्यावी, आणि धरणाच्या भिंतीवर मज्जाव असेल तेथें जाण्याचा आग्रह धरूं नये. उजाडण्यापूर्वीं कांठाशीं पोंचावें व सूर्य पाठीशीं येईल अशी जागा धरून बसावें. म्हणजे पक्ष्यांचे रंग उजळ दिसतात. कपडे मळकट, मातीच्या रंगाचे असावेत. एक साधी दुर्बीण, एक वही आणि एक पक्ष्यांचें पुस्तक एवढें सामान पुरें. मराठी नांवांची अडचण वाटूं देऊं नये. मेळघाटांत वनाधिकारी म्हणून काम केलेल्या व २०२५ सालीं दिवंगत झालेल्या मारुति चितमपल्ली यांनीं आपल्या ‘पक्षिकोशां’त ठिकठिकाणचीं नांवें गोळा करून ठेवलीं आहेत. चांदवा किंवा वारकरी, हळदी-कुंकू, अडई, टिबुकली, चक्रवाक, हीं नांवें मुलांना एकदां सांगितलीं कीं तीं पुन्हां विसरत नाहींत. संस्कृत काव्यांत रात्रीच्या विरहानें व्याकूळ होणारा चक्रवाक म्हणजे हेंच नारिंगी-तांबूस बदक, आणि तेंहि हिवाळ्यांत आपल्या नद्यांवर व जलाशयांवर उतरतें, हें कळल्यावर काव्याचीहि गोडी वाढते.

एक नियम मात्र सर्व नियमांहून मोठा. थवा उडवूं नये. हजार पक्षी एकदम उडाले म्हणजे दृश्य मोठें सुंदर दिसतें, छायाचित्रहि चांगलें येतें, आणि म्हणून कित्येक जण मुद्दाम कांठावर धांवतात, टाळ्या वाजवितात किंवा होडी थव्याच्या दिशेनें नेतात. पट्टकादंबाची काटकसर येथें आठवावी. जो पक्षी हिमालयावरसुद्धां एक-एक पंख मोजून मारतो, त्याला आपण दिवसांतून दहा वेळां विनाकारण उडवितों, तेव्हां त्याच्या परतीच्या शिदोरींतूनच आपण मूठमूठ काढून घेतों. बसलेले पक्षी माना उंच करून एका दिशेला पाहूं लागले कीं आपण फार जवळ आलों असें समजावें, व तेथेंच थांबावें किंवा दोन पावलें मागें व्हावें. अर्धा तास स्तब्ध बसलें तर पुष्कळदां ते आपण होऊनच जवळ येतात.

आतां शेवटचा आणि सर्वांत अवघड प्रश्न. हा आश्रय टिकेल काय? ज्या उथळ पट्ट्याची मी एवढी प्रशंसा केली तो पट्टा माणसालाहि हवा आहे. पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या गाळावर पाटबंधारे खात्याकडून भाडेपट्ट्यानें जमीन घेऊन शेतकरी गहूं, हरभरा, टरबूज काढतात. ह्याला गाळपेर म्हणतात. ज्यांच्या जमिनी धरणांत गेल्या त्यांना ह्यांत अग्रक्रम आहे, आणि तो न्याय्यच आहे. त्याच कांठावर मासेमारांचीं जाळीं आहेत, पंप आहेत, गुरांच्या वाटा आहेत. पट्टकादंबांचे थवे दिवसा पाण्यावर विसांवतात आणि रात्रीं शेतांत उतरून कोवळें पीक खातात. ज्याच्या शेतांत ते उतरले त्यानें त्यांचें कौतुक करावें ही अपेक्षा शहरांत बसून करणें सोपें आहे. २०१७ पासून राज्यांत धरणांतला गाळ काढून शेतांत टाकण्याची योजना आली. गाळानें जमीन सुपीक होते व धरणाची साठवणहि वाढते; परंतु कांठ सरळ उभे कापले गेले तर उतरता चिखल नाहींसा होतो, आणि पाणी असूनहि पाणपक्ष्याला तेथें उभें राहण्यास जागा उरत नाहीं.

कायद्याचा आधार घ्यावा, तर तेथें एक पेंच आहे. १९७१ च्या रामसर करारानें पाणथळ जागांच्या व्याख्येंत माणसानें निर्माण केलेलीं पाणीहि धरलीं. भारत १९८२ सालीं ह्या करारांत सामील झाला. परंतु देशांतील २०१७ च्या पाणथळ-संरक्षण नियमांत, पिण्याच्या पाण्यासाठीं व सिंचनासाठीं मुद्दाम बांधलेले जलाशय वगळले आहेत. वऱ्हाडांतील मघां सांगितलेलीं धरणें नेमकीं ह्याच वर्गांत पडतात. पक्ष्याला जी पाणथळ जागा आहे ती ह्या नियमांच्या दृष्टीनें नुसती टाकी ठरते. काटेपूर्णेसारख्या ठिकाणीं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालील अभयारण्याचा आधार आहे. सापनेच्या वा इतर कित्येक जलाशयांच्या कांठाला तोहि नाहीं.

तथापि ह्यांतून वाट निघूं शकते, ह्याचें उदाहरण महाराष्ट्रांतच आहे. नाशिक जिल्ह्यांत गोदावरी आणि कादवा ह्यांच्या संगमाजवळ, नांदूर-मध्यमेश्वर येथें, विसाव्या शतकाच्या आरंभीं सिंचनासाठींच एक बंधारा घातला गेला. वर्षानुवर्षें गाळ सांचून तेथें उथळ पाणी, बेटें आणि गवताळ कांठ तयार झाले. पक्षी येऊं लागले. पाहणारेहि येऊं लागले, आणि त्यांनीं नोंदी ठेवल्या. १९८६ सालीं तेथें अभयारण्य झालें, आणि २०२० च्या जानेवारींत महाराष्ट्रांतील पहिलें रामसर स्थळ म्हणून त्याचें नांव जाहीर झालें. त्याच वर्षीं लोणारचाहि त्या यादींत समावेश झाला. बंधारा आजहि शेतीला पाणी देतो. म्हणजे शेती किंवा पक्षी, अशी निवड करावीच लागते असें नाहीं. कोणता कांठ केव्हां आणि किती मोकळा ठेवावयाचा, एवढेंच ठरवावें लागतें. जलाशयाच्या एखाद्या खाडीसारख्या टोंकांत गाळपेर न देणें, त्या टोंकाचा गाळ न खणणें, आणि फेब्रुवारी-मार्चांत तेवढ्या भागांत होडी व जाळें न नेणें, ह्या गोष्टींना मोठा खर्च नाहीं. भाडेपट्ट्याचें थोडें उत्पन्न बुडेल, आणि ज्याचें पीक थव्यांनीं खाल्लें त्याला भरपाई द्यावी लागेल. तो भार एकट्या शेतकऱ्यावर टाकतां कामा नये.

परंतु कोणतें टोंक राखावें हें सांगण्यासाठीं नोंदी लागतात, आणि येथेंच सामान्य नागरिकाचा भाग येतो. १९८७ पासून दर वर्षीं जानेवारी महिन्यांत आशियाई पाणपक्षी गणना होते. ती मुख्यत: हौशी लोकांच्या श्रमांवर चालते. एका कुटुंबानें एकच जलाशय निवडावा, दर जानेवारींत त्याच ठिकाणीं त्याच वेळीं जावें, जाति आणि संख्या लिहून काढाव्या, पाणी किती होतें व चिखल कोठें उघडा होता तें टिपावें. एका वर्षाच्या आंकड्यानें फारसें सिद्ध होत नाहीं. दहा वर्षांच्या वहीपुढें मात्र कोणत्याहि कचेरीला विचार करावा लागतो. परतवाड्याच्या किंवा अचलपूरच्या शाळेंतल्या मुलांनीं सापनेची अशी वही धरली, तर ज्या पाण्याला आज नियमांत नांव नाहीं त्याला पुराव्याचा आधार मिळेल. येत्या पौषांत पहांटे उठून कांठाशीं जावें, थवा न उडवितां मोजावा आणि वहींत आंकडा लिहावा, एवढीच माझी श्रोत्यांना विनंति आहे.